रमण्याची वरची पट्टी

गवताच्या गंजीचा अंदाज बांधणं हा माझा धंदा होता. परतवाड्याच्या एका व्यापाऱ्यासाठी मी दर साली दिवाळीनंतर घाट चढून पठारावर जाई, गंज्यांभोवती फिरे, हात खुपसून एक मूठ उपसे, वास घेई, आणि गावाच्या गुरांना पुरून यातलं किती गवत खाली उतरेल ते मनाशी ठरवी. गंजीचा मालक सोबत असे. गंजी लहान असली तर तो गंजीविषयी बोले, मोठी असली तर पावसाविषयी. एवढं ओळखता आलं की अर्धं काम झालं.

पाटझिरी हे चिखलदऱ्याच्या अंगचं गवळ्यांचं गाव. थंडी भरपूर, शेती नावाला, म्हशी घरोघर. दूध घाट उतरेपर्यंत नासायचं, म्हणून त्याचा खवा व्हायचा आणि खवा परतवाड्याला जायचा. हे सगळं उभं होतं रमण्यावर. गावाच्या वरच्या अंगाला काळ्या खडकाची एक धार होती. तिच्या पायथ्यापासून खाली ओढ्यापर्यंत उतरता पसरलेला गवताचा माळ म्हणजे रमणा. पावसाळ्यात तिथं कोणाचं जनावर जायचं नाही. दसरा झाला की दुसऱ्या दिवशी सारं गाव विळे घेऊन उतरे, आपापल्या वाट्याचं गवत हिरवं असतानाच कापी, वाळवी आणि गंज्या रची. फाल्गुनापासून मृगापर्यंत म्हशी त्या गंज्यांवर जगत.

रमण्यात गवत एक नव्हतं. पवन्या होता, मारवेल होतं, कुसळी होती, कोणी नावं न ठेवलेली बारीकसारीक कितीतरी होती, आणि त्या सगळ्यांच्या अंगावर चढलेले रानमुगाचे वेल होते. पावसाने मधेच दडी मारली तर खोल मुळांचा पवन्या तग धरी. श्रावणभर झड लागली, सूर्य दिसला नाही, तर दुसरं कोणी डोकं वर काढी. एक मागे राहिलं की दुसरं त्याची जागा भरी. त्यामुळे पाऊस कसाही लागो, गंजी साधारण तेवढीच. माझ्या धंद्याला हे फार सोयीचं होतं. एक तिखाडी तेवढी कोणाच्या कामाची नव्हती. उग्र वासाचं, तेल निघणारं गवत. म्हैस त्याला तोंड लावत नाही. कापणारे तिखाडीच्या ठोंबाला वळसा घालून पुढे जात आणि तो ठोंब उभाच राही.

आता वरची पट्टी. खडकाच्या धारेला लागून रमण्याचा एक लांबट पट्टा होता, तो राखणदाराचा. राखणदार म्हणजे बुधाजी. गावात तेव्हा महारांचं एकच घर होतं, ते त्याचं. पावसाळाभर त्याने माळ राखायचा, शेजारच्या गावांची गुरं हाकलायची आणि मोबदला म्हणून ती पट्टी घ्यायची. अट एकच. साऱ्या गावाच्या गंज्या रचून त्यांवर छप्पर चढलं की मगच त्याने विळा लावायचा. तोवर मार्गशीर्ष निम्मा सरलेला असे. पट्टीतलं गवत वाळून तारेसारखं झालेलं, बी झडून गेलेलं, कस उडालेला. त्याची गंजी पाहायला मी कधी गेलोच नाही. अट कोणी घातली ते कोणाला ठाऊक नव्हतं. आधी मालकाचं, मग राखणदाराचं, एवढंच. गावाला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. बुधाजीला दिसत होतं, पण बुधाजीला काय दिसतं ते विचारायची चाल नव्हती.

छप्पन सालच्या दसऱ्याला बुधाजी बायकोला, पार्बताबाईला, घेऊन नागपूरला गेला. दीक्षा घेऊन दोघं परत आली तेव्हा गावाची कापणी चालू होती. बुधाजी धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत रमण्याच्या कडेला येऊन उभा राहिला. गवळ्यांत बोलायचा मान सहदेवचा होता. त्याच्याकडे पाहून बुधाजी म्हणाला, "मी बी उद्यापासून कापतो."

सहदेवने मान वर केली नाही. "पट्टी कुठं पळून चालली का, बुध्या? तुह्या टायमाले काप."

"माहा टायम आता तुमचाच टायम हाय. नाई त राखण तुमची तुमी पाहा."

"पाहू मंग," सहदेव म्हणाला.

एवढंच झालं, असं मला मागाहून कळलं. कोणी आवाज चढवला नाही. दिवाळी व्हायच्या आत बुधाजीच्या घराला कुलूप लागलं आणि तो अकोल्याला गेला. पुढच्या दसऱ्याला गावाने वरची पट्टी वाटून घेतली आणि बाकीच्या माळासोबतच कापली. ते गवत हिरवं असताना गावाच्या पदरात पहिल्यांदाच पडलं. त्या साली सहदेव माझ्याशी पावसाविषयी फार वेळ बोलला.

छप्पनची ती कापणी सुरू झाली तेव्हा आम्ही मध्य प्रदेशात होतो, गंज्या रचून झाल्या तेव्हा मुंबई राज्यात, आणि साठ साली महाराष्ट्रात आलो. दर वेळी कचेरीवरची पाटी बदलली. रमणाही बदलत होता, पण त्याला पाटी नव्हती.

आधी रानमूग गेला. मग ती बिननावाची बारीक गवतं. कुसळी कमी झाली, त्याचा तर गावाला आनंदच. धोतरात कुसळं अडकत नाहीत म्हणून बायका खूश. गेलेल्याची जागा तिखाडीने घेतली. एका साली पोळ्याच्या सुमारास लांबलचक उघाड पडली आणि गंज्या निम्म्यावर आल्या. दुसऱ्या साली झड लागली आणि तेव्हाही निम्म्यावरच. पूर्वी पाऊस चुकला तर एकाचं चुके. आता सगळ्या माळाचंच चुकायला लागलं. ब्लॉकच्या साहेबांनी मारवेलाचं बी दिलं आणि बजावलं की पहिल्या साली कापू नका, बी पडू द्या, आणि नुसतं हेच पेरू नका. गावाने नुसतं तेच पेरलं आणि पहिल्याच साली कापलं. गवत कमरेएवढं आलं होतं, हात कोण आवरणार? पुढच्या झडीत त्याची मुळं कुजली आणि मारवेलाचा विषय संपला.

झळ सगळ्यांना लागत होती, पण सारखी नव्हती. सहदेवचं खाली सपाटीवर शेत होतं, तिथून कडबा यायचा. कोणाचा भाऊ जंगलखात्यात, कोणाची भाड्याची बैलगाडी. गोवर्धनकडे म्हशींशिवाय काही नव्हतं. हा चाळिशीतला, रुंद हाडाचा, हसताना दात न दाखवणारा माणूस. त्याच्या बापाने एका टंचाईच्या साली म्हशी विकल्या आणि अमरावतीच्या कापूस बाजारात गाठोडी वाहायला गेला. परत आला तो खोकला घेऊन, आणि त्यातच संपला. मागे एक पारडी राहिली होती. तिच्यापासून गोवर्धनने आणि त्याच्या बायकोने, दुर्गाबाईने, पुन्हा दावण भरली. लोक जगाकडे बरंच काही मागतात. गोवर्धनचं मागणं एवढंच की म्हशी विकायची पाळी येऊ नये. आणि दर उन्हाळ्यात ती पाळी थोडी जवळ येत होती.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात मी त्याची गंजी पाहायला गेलो. पाहण्यासारखं काही नव्हतं, ते त्याच्याही लक्षात होतं. तो पावसाविषयीही बोलला नाही आणि गंजीविषयीही.

"चाला मुनीमजी, एक दाखवतो," म्हणाला.

आम्ही खडकाच्या धारेपर्यंत चढलो. एका ठिकाणी कडा तुटून दरड लोंबत होती. तिथं उभं राहून विळा चालवायची कोणाची छाती नव्हती, त्यामुळे वर चार-सहा हात गवत न कापता तसंच राहत असे. आणि त्याच्या बरोब्बर खाली, उताराला धरून, पाणी सांडल्यासारखी एक जीभ रमण्यात उतरली होती. त्या जिभेत पवन्या होता, कुसळी होती, रानमुगाच्या वाळक्या शेंगा होत्या. दोन्ही बाजूंना तिखाडी.

"म्हशी सोडल्या का येच ठिकानी येते," गोवर्धन म्हणाला. "मी म्हनो काहून येते. मंग पाह्यलं. वर बी पिकते, झडते, मिरगाचं पानी आलं का खाली वाहून येते. बुध्याची सारी पट्टी अशीच होती ना. थो कापे तवा सारं बी खाली पडून राहे. आमी हिरवं कापतो, बी येऊच देत नाई. आन तिखाडी कापतच नाई, तिचं बी पडते."

मी म्हटलं, "मग हे सहदेवला सांगा."

"सांगतलं."

"काय म्हणाला?"

"म्हने, बुध्याले बोलाव."

म्हणून आम्ही अकोल्याला गेलो. मला तिकडे गवताचंच काम होतं, गोवर्धन सोबत आला. दुर्गाबाईने पळसाच्या पानांत खवा बांधून दिला. परतवाड्यापासून मोटारीत तो पुटपुटत होता. मी विचारलं तर म्हणाला, "त्याले काय म्हनू? बुध्या म्हनता येत नाई. बुधाजी म्हनलं त कमी पडते. भाऊ म्हनलं त सहदेवदादा ऐकीन."

"सहदेव पाटझिरीत आहे."

"हो, थे बी हाय," तो म्हणाला, पण मूर्तिजापूर येईपर्यंत त्याचं काही ठरलं नाही.

बुधाजी एका जिनिंग फॅक्टरीत चौकीदार होता. म्हणजे राखणच करत होता, पण खाकी कोटात, पगारावर आणि खुर्चीवर बसून. मागे त्याची खोली होती. गोवर्धनला पाहून तो उठला, खुर्ची त्याच्याकडे सरकवली आणि स्वतः पेटीवर बसला.

"कसं येनं केलं, गोवर्धनभाऊ?"

भाऊ हा शब्द त्यानेच आधी वापरून टाकल्यामुळे गोवर्धनची मोटारीतली सगळी मेहनत वाया गेली.

"असंच. अकोला पाह्याले."

"अकोल्यात पाह्याले काय हाय, बाप्पा? ऊन? थे त दाराशीच हाय. पाहून घ्या."

पार्बताबाईने चहा आणला. गोवर्धनने कप हातात धरला, माझ्याकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं, आणि तो प्यायला. पार्बताबाई दाराशीच उभी होती. तिने विचारलं, "रमना कसा हाय वो?"

"तिखाडीच तिखाडी झाली निरी."

"अगाई. आन रानमूग?"

"नाई राह्यला."

गोवर्धनने मग मला सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं. ती दरड, ती जीभ, ते बी. बुधाजी शेवटपर्यंत ऐकत होता. मधे एकदा फॅक्टरीचा ट्रक आला, त्याला फाटक उघडून, लावून परत येऊन बसला.

"तवा तुमाले हे ठाऊक होतं का?" गोवर्धनने विचारलं.

"मले?" बुधाजी म्हणाला. "मले एवढंच ठाऊक होतं का मले सडकं देते. थे सडकंच होतं. माही बकरी बी नाक मुरडे."

"यंदापासून पट्टी तुमची. आन शिवाय खालच्या बाजूचा एक वाटा, आमच्या संगं कापाचा, हिरवा. मी सहदेवदादाले कबूल करवलं हाय."

"आन पट्टी कधी कापाची?"

"पट्टी... आखरीले."

"काहून?"

"बी पडाले पायजे ना."

"पडू द्या. त्याले बुधाजी कायले पायजे?" त्याचा आवाज सरळ होता, त्यात राग शोधूनही सापडत नव्हता. "तुमच्यातल्या एकानं कापा आखरीले. तुमच्या हातानं बी झडत नाई का? नसन झडत त मंग येतो मी."

पार्बताबाई हसली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. गोवर्धनही हसल्यासारखा झाला. खव्याचा पुडा त्याने पेटीवर ठेवला. बुधाजीने तो घेतला, वास घेतला, म्हणाला, "म्हशी कमी नाई केल्या ना?" गोवर्धनने मान हलवली, पण ती होकाराची की नकाराची हे आम्हा दोघांनाही कळलं नाही. परतीच्या मोटारीत तो खिडकीला डोकं टेकून झोपला.

पुढच्या दसऱ्याच्या आधी सहदेवच्या गोठ्याशी गाव बसलं. मीही होतो, कारण पट्टी उशिरा कापली तर यंदा खाली उतरणाऱ्या गवतात घट येणार होती आणि व्यापाऱ्याला ती आधी कळवायची होती. गोवर्धनने म्हणणं मांडलं. कोणी त्याला खोटं म्हटलं नाही. पाटझिरीच्या लोकांचं हे एक होतं, की गुराच्या गोष्टीत ते खऱ्याला खोटं म्हणत नसत. ती जीभ सगळ्यांनी पाहिली होती.

"बरोबर हाय," सहदेव म्हणाला. "पट्टी आखरीलेच कापाले पायजे. कापाची कोनं?"

"पाळीपाळीनं कापू," गोवर्धन म्हणाला. "यंदा एक घर, पुढच्या साली दुसरं."

मग गावाला एकाएकी कामं आठवली. एकाच्या सासरचे पाहुणे मार्गशीर्षात येणार होते. एकाचा हात दुखत होता. डोमाजी नावाच्या एका म्हाताऱ्याने खरं ते बोलून टाकलं, "पट्टी म्हंजे राखनदाराची, गा. आपन कापली त पोरीले सोयरीक कोन आनीन?"

"मंग नको कापू कोनीच," कोणीतरी म्हणालं. "राहू दे उभी."

"उभी राहिली त वनवा लागन. धारेवरून सारा रमना जळन," सहदेव म्हणाला, आणि ते खरं होतं. "माह्या घरी यंदा लगन हाय. नाई त मीच..."

त्याचं वाक्य सगळ्यांनी तिथंच राहू दिलं. लग्न सहदेवच्या घरी खरंच होतं, पण वैशाखात.

"मी कापतो," गोवर्धन म्हणाला. "यंदा मी. पुढं पाहू."

गाव उठलं. इतक्या लवकर उठलेली बैठक मी पठारावर दुसरी पाहिली नाही. पट्टीच्या बदल्यात गोवर्धनचा खालचा हिरवा वाटा गावाने आपसात वाटून घेतला, कारण एका घराला दोन वाटे कसे द्यायचे?

मार्गशीर्षात मी मुद्दाम वर गेलो. थंडीने गवत सकाळी ताठ असे. गोवर्धन आणि दुर्गाबाई धारेखाली कापत होती. दोघांच्या कपड्यांत कुसळं. खाली रमणा साफ झालेला, गाव आपापल्या गोठ्यात, वर नुसती ही दोघं. आवाज विळ्याचा तेवढा.

"कसं काय, गोवर्धनराव?"

"काई नाई. हात दुखते."

"लोक काय म्हणतात?"

त्याने दुर्गाबाईकडे पाहिलं. ती पेंढी बांधत म्हणाली, "काई म्हनत नाई. विहिरीवर गेली का मले पहिले भरू देते. म्हने, तुले काम असते."

पूर्वी तिला कोणी पहिली घागर भरू देत नसे. नव्या मानाचा अर्थ तिला कळला होता, मलाही कळला. पहिली भरून ती निघून गेली की बाकीच्यांना तिच्यासोबत उभं राहावं लागत नसे.

पुढच्या साली काही दिसलं नाही. पण त्याने पुन्हा पट्टी घेतली, कारण "पुढं पाहू" म्हटल्यावर पुढे पाहायला कोणी आलं नाही. त्याच्या म्हशी त्या तारेसारख्या गवतावर उन्हाळा काढत होत्या. दूध आटलं. दावणीतल्या दोन म्हशी त्याने विकल्या, मला सांगताना म्हणाला, "म्हाताऱ्या होत्या." त्यांतली एक पहिलटकर होती.

त्यानंतरच्या पावसाळ्यात रमण्याच्या वरच्या अंगाला रानमूग दिसला. दोन पावसांचं बी खाली खाली सरकत आलं होतं. त्या साली मघांत चांगली लांब उघाड पडली, आणि तरी गंज्या उभ्या राहिल्या. पूर्वीएवढ्या नाही, पण माझ्यासारख्याला हात खुपसून पाहावासा वाटेल एवढ्या. पुढच्या साली झड लागली, आणि तेव्हाही राहिल्या. वास बदलला होता. गंजीत मूठ घातली की चार-पाच तऱ्हेचं गवत हाताला लागे. सहदेव माझ्यासोबत फिरत होता.

"पाऊस बाकी झकास झाला, मुनीमजी," तो म्हणाला. "झड पाह्यजेच, बावा. झडीबिगर गवत नाई."

"मागच्या साली तर उघाड होती."

"हो, उघाड बी चांगलीच असते."

गोवर्धनची गंजी मी शेवटी पाहिली. तिचा वास जुन्या झाडूसारखा होता. माळ त्याने सावरला आणि माळाचं उत्तम गवत बाकीच्या दावणींत गेलं. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. तो म्हणायचा, "दोन सालं आनखी. खालपर्यंत बी पोचलं का मंग पाळी लावू. मंग कोनाले लाज वाटनार नाई." त्याच्याकडे जेवढ्या म्हशी उरल्या होत्या तेवढ्यांना तो आणखी दोन सालं त्या गवतावर जगवू पाहत होता. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त त्यात गाव नव्हतं.

सहासष्टच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी गाव पुन्हा बसलं, आणि व्यापाऱ्याला आधीच अंदाज हवा म्हणून मीही होतो. रमणा चांगला झाल्याची बातमी आसपासच्या गावांना लागली होती. भाद्रपदात रात्रीची गुरं घुसली, कोणी भारे कापून नेले. मधली सालं न्यायला काही नव्हतं म्हणून राखणीचा प्रश्नच आला नव्हता. आता आला. सहदेवने विषय फार गोड आवाजात काढला.

"गोवर्धन, तू त वरतेच राहतं आता. धारेवर एक झोपडी टाकून देऊ तुले. गाव टाकून देईन, तुले हात लावाचं काम नाई."

"कायले?"

"राखन, बाप्पा. नजर ठेवाची, दुसरं काय. पावसाळाभर."

"पाळी लावू," गोवर्धन म्हणाला. "पट्टीची बी आन राखनीची बी. आता त दिसलं ना साऱ्याइले."

"दिसलं ना. नाई कोन म्हनते? पन ज्याची पट्टी त्याची राखन, हे त पहिलेपासून हाय. आता मंधातच मोडाचं म्हनतं काय?"

"पट्टी माही कवा झाली?"

डोमाजी म्हाताऱ्याने विडी पेटवली. मी गोवर्धनकडे पाहत होतो. मला वाटलं आता काही होईल. त्याचा चेहरा मात्र थंडीत बराच वेळ बसलेल्या माणसासारखा होता. चिमटा घेतला असता तरी लागला नसता. तो उठला आणि घरी गेला. मी त्याच्याच ओसरीवर उतरलो होतो, म्हणून मागोमाग गेलो.

दुर्गाबाई चुलीशी होती. "काय म्हनले?"

"राखन कर म्हनते."

"मंग?"

"मंग काई नाई."

तिने भाकरी उलटली. थोड्या वेळाने म्हणाली, "विळा पाजवू?"

"पाजव," तो म्हणाला. "दोन्ही."

दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव रमण्यात उतरलं तेव्हा गोवर्धन आणि दुर्गाबाई धारेखाली कापायला लागली होती. पट्टी हिरवी होती. कुसळीला तुरे आले होते, बी अजून कच्चं. रानमुगाच्या शेंगा कोवळ्या. ते सगळं विळ्याखाली पडत होतं. खालून सगळ्यांना दिसत होतं.

मी सहदेवकडे पाहिलं. त्याने एक हाक मारली असती, एवढंच म्हटलं असतं की थांब, पुढच्या साली मी घेतो, तर गोवर्धन थांबला असता. मला वाटतं तो हळूहळू कापत होता तेवढ्याचसाठी. सहदेवने वर पाहिलं, कपाळाचा घाम पुसला, आणि त्याच्या चेहऱ्यावर मला सुटल्यासारखं दिसलं. एक माणूस चार सालं गावाच्या वर उभा होता, कोणाशी न भांडता. आता तो पुन्हा गावासोबत कापत होता. सगळ्यांच्याच पाठी सैल झाल्या. दुपारच्या भाकरीला दुर्गाबाईला बायकांनी हाक मारून आपल्यात बसवलं. ती गेली, बसली, जेवली. पट्टी संध्याकाळपर्यंत साफ झाली.

त्या हिवाळ्यात गोवर्धनच्या म्हशींनी चार सालांत पहिल्यांदा हिरवं वाळवलेलं गवत खाल्लं. अंगावर तकाकी आली, कास भरली. माघात त्या पाहण्यासारख्या झाल्या, आणि माघातच तो सगळ्या घेऊन घाट उतरला. अशाच अंगाच्या असताना विकायच्या, पुन्हा रमणा तिखाडीचा व्हायची वाट पाहायची नाही, असं त्याने मला रस्त्यात सांगितलं. पुढे तो अमरावतीला जाणार होता. कशाला, ते मी विचारलं नाही. बापाने काय केलं होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

परतवाड्याच्या बाजारात गिऱ्हाईक लवकर मिळालं. भातकुलीकडचा मोतीराम नावाचा एक शेतकरी होता, सपाटीवरचा, जाड आवाजाचा. त्याने प्रत्येकीचे दात पाहिले, कास पाहिली, पाठीवरून हात फिरवला. दुर्गाबाई झाडाखाली पाठ करून बसली होती.

"खाते काय या?" मोतीरामने विचारलं.

"गवत," गोवर्धन म्हणाला.

"नुसतं?"

"नुसतं."

"माह्याकडं गवत कुठलं आलं, बाप्पा. कडबा हाय. सरकी हाय. खातीन का कडबा?"

गोवर्धनने दावं सोडून त्याच्या हातात दिलं.

"चार दिस नाई खानार," तो म्हणाला. "मंग खातीन."